पांढरबोडीचं घरटं

दुसऱ्या घरट्याची बातमी माय पाण्याच्या गुंडीबरोबर घेऊन आली.

मी पडवीत बसून सारसाच्या मानेत ठिपके भरत होते. मायनं गुंडी उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "भदूच्या बांधीतलं बी गेलं."

"काय गेलं?"

"घरटं. दोनी अंडे फुटले. भदू सकाळी निंदायले गेला, तं टरफलं पाण्यावर तरंगून राहिली होती."

माझा हात कागदावरच थांबला. "कुत्रं असंल. माराबोडीचं पयलं बी कुत्र्यानंच केलं म्हनत होते ना सारे?"

"कुत्रं अंडं खाते, कौती. फोडून फेकून नाही देत." माय चुलीकडे वळली, तिथंच घुटमळली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "विहिरीवर बाया बोलून राहिल्या. कौतिका ज्याचं चित्र काढते..."

माझ्यासमोरच्या कागदावर तिसरं घरटं होतं, सिरसीच्या तलावातलं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमचा बेहडाटोला म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या एका टोकाला तीसेक गोंडांची घरं आणि आजूबाजूला पाणीच पाणी. धानाच्या बांध्या, बोड्या म्हणजे लहान तळी, तलाव, आणि तलावांच्या काठानं आपोआप उगवणारं देवधान. या पाण्यात सारस राहायचे. माणसाएवढे उंच, राखी अंगाचे, लाल डोक्याचे. जोडीनं फिरायचे आणि जोडीनंच ओरडायचे. एकानं सुरुवात केली की दुसरा त्याचं वाक्य पुरं करायचा. पावसाळ्यात ते पाण्यातच लव्हाळ्याचा ढीग रचून त्यावर दोन अंडी घालायचे आणि महिनाभर आळीपाळीनं बसायचे. बांधीत घरटं झालं तर आमची माणसं तेवढा तुकडा सोडून निंदणी करायची. कुणी शिकवलेलं नव्हतं, पण मोडलेलंही कुणाला आठवत नव्हतं.

मी आधी भिंतीवर काढायची. छुईची पांढरी माती, गेरू, चुलीची काजळी. पाखरं तेवढीच काढायची. टोल्यातल्या अर्ध्या घरांवर माझी पाखरं होती. त्या श्रावणात धामणकर साहेब जीपनं आले, भिंती बघत बघत आमच्या दारात थांबले आणि मला "कलावंत" म्हणाले. तो शब्द मला कुणी पहिल्यांदाच लावला होता.

"नागपूरला मोठं प्रदर्शन भरवायचं आहे," ते म्हणाले होते. "फक्त सारस. या भागातलं एकेक घरटं, एकेका कागदावर. करशील?"

त्यांनी जाड कागद दिले, रंगांच्या बाटल्या दिल्या. माझा मोठा भाऊ सोमजी बारावी नापास होऊन दोन वर्षं घरीच होता. त्याला त्यांनी जीप चालवायला शिकवायचं कबूल केलं. दिवाळीनंतर ड्रायव्हर म्हणून कायमचं ठेवून घेऊ, म्हणाले. बा खूश झाला. माय खूश झाली. सोमजीनं पहिल्याच आठवड्यात नवा शर्ट शिवायला टाकला.

एकच अट होती. प्रत्येक चित्राच्या मागं घरट्याची जागा लिहायची. कोणती बोडी, कोणत्या बाजूनं, किती पावलं आत.

"लोकांना खरेपणा लागतो," साहेब म्हणाले. "नाहीतर म्हणतील, पोरीनं मनानंच काढलं."

मी लिहीत गेले. लिहिताना अभिमानच वाटायचा. या पाण्याचं माझ्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

भदूच्या बांधीची बातमी आली त्याच दुपारी साहेब आले. सिरसीचं चित्र वाळलं होतं. पांढरबोडीचंही तयार होतं. ते मी आधीच काढून ठेवलं होतं. मी दोन्ही त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "साहेब, तुमाले समजलं का? दोन घरटी गेली."

"ऐकलं. फार वाईट झालं." त्यांनी चित्र उलटं केलं, मागचं वाचलं. मग दुसरं उलटं केलं. नंतर कुठं सुलटं करून बघितलं. "म्हणून तर तुझी चित्रं मोलाची. पाखरं राहतील न राहतील. कागद राहतो."

जीपच्या चाकाजवळ सोमजी उभा होता. तो चिखल खरवडत होता.

"पांढरबोडीत जायला रस्ता आहे का?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही जी. पायी जावं लागते. लय आत हाये."

"असू दे, असू दे," ते म्हणाले आणि चित्रं गुंडाळून घेऊन गेले.

सहाव्या दिवशी सिरसीचं घरटं मोडलं.

मी स्वतः बघायला गेले. ढीग विस्कटला होता, लव्हाळं चारी बाजूंना पसरलं होतं आणि दोन्ही सारस थोड्या अंतरावर पाण्यात उभे होते. ओरडत नव्हते. मी काठावर बसून राहिले, त्यांनी ओरडावं म्हणून वाट बघत. नर मधूनच मान वर करायचा, चोच उघडायचा आणि आवाज न काढताच मिटायचा. मी वळून चालायला लागले तेव्हा बांधावरून गावातल्या दोन बाया येत होत्या. मला बघताच त्या बांध सोडून चिखलात उतरल्या आणि मला वाट करून दिली. एवढी वाट मला कधी कुणी दिली नव्हती.

त्यानंतर गाव माझ्यापासून हळूहळू सरकत गेलं. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. मी विहिरीवर गेले की दोरी लगेच मोकळी व्हायची. लेकरं माझ्या मागं कागद बघायला यायची, ती बंद झाली. भदूची सून सात महिन्यांची पोटुशी होती. तिच्या लग्नात मी तिच्या खोलीत मोर काढला होता. एका सकाळी रेवता काकीनं, म्हणजे भदूच्या बायकोनं, तो मोर शेणानं लिपून टाकला. मी दारातून बघितलं. सोमजीही तिथं होता, त्यांचा पाटा परत द्यायला आला होता. मोराची मान लिपायची राहिली होती. रेवता काकीनं माझ्याकडे बघितलं आणि हात भरून शेण त्या मानेवर फासलं.

"पोटुशी बाई हाये घरात," ती म्हणाली. "राग नोको मानू."

सोमजी पाटा ठेवून निघून गेला.

मला राग आला नव्हता. भीती वाटली होती. कारण तोवर मीही तसाच विचार करायला लागले होते. हातात कुंचला असला की मी मायकडे बघत नसे. घरच्या शेळीकडे बघत नसे. झोपताना हात अंगाखाली दाबून झोपायची. चौथं चित्र, पांढरबोडीचं, साहेब घेऊन गेले होते आणि मी दिवस मोजत होते. तिथं जाऊन बघायची माझी छाती होत नव्हती. मी बघितल्यानंच काही होईल असं वाटायचं.

सिरसीनंतर आठव्या दिवशी सोमजी जेवता जेवता म्हणाला, "पांढरबोडीचं बी गेलं."

"कोनं सांगितलं?" बानं विचारलं.

"मी गेल्तो तिकडं. काही नाही उरलं."

बा जेवणावरून उठला. अन्न टाकून उठलेलं मी त्याला त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेवता काकीचा निरोप आला. तिच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर मी दोन वर्षांपूर्वी कोंबडी काढली होती, पिलांसकट. तीही पुसायची होती, आणि माझ्याच हातानं. दुसऱ्यानं पुसली तर ते त्याच्या हाताला लागेल म्हणे.

मी बादली आणि चिंधी घेऊन गेले. उन्हं चढली होती. ओली चिंधी फिरवली की गेरू वितळून भिंतीवरून खाली यायचा, लाल लाल. मी खाली वाकले तर माझ्या पायाशी खरी कोंबडी उकिरडा उकरत होती. एक पाय जरा आखूड, पंखावर पांढरा डाग. हीच ती. हिलाच बघून मी काढलं होतं. दोन वर्षांत तिनं चारदा पिलं काढली होती. तिला ना मुंगसानं नेलं होतं, ना रोगानं.

मी चिंधी बादलीत टाकली आणि तिथंच उकिडवी बसले.

माझ्या हातात काही असतं तर ही कोंबडी कधीच मेली असती. भदूच्या सुनेच्या खोलीत मोर होता, आणि जंगलात मोर होते तसेच होते. भिंतीवरचं एकही पाखरू मेलं नव्हतं. मेली ती फक्त कागदावरची. कागद आणि भिंत यांत फरक काय? कागद गावाबाहेर जात होता. आणि कागदाच्या मागं मी जागा लिहीत होते.

मग मला साहेबांचे हात आठवले. प्रत्येक चित्र आधी उलटं करणारे.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर सुटकेसाठी दुसऱ्यावर ढकलते असंच म्हटलं असतं. मला आधी स्वतःची खात्री करायची होती. घरी येऊन मी पाचवं चित्र काढायला घेतलं. आजवर काढलं नाही इतकं सुंदर काढलं. घरटं, दोन अंडी, त्यावर वाकलेली मादी, मागं नर. आणि कागदाच्या मागं लिहिलं: जुन्या विटाभट्टीमागचं डबरं, पूर्वेकडून चाळीस पावलं आत, बेशरमीच्या झुडपांआड.

त्या डबऱ्यात म्हशी लोळायच्या. तिथं सारस कधी उतरला नव्हता आणि उतरणारही नव्हता. पण बाहेरच्या माणसाला ते कळायचं कारण नव्हतं.

साहेब आले, चित्र उलटं केलं, वाचलं. "हे जवळच आहे की," म्हणाले. त्या दिवशी त्यांच्याबरोबर गमबूट घातलेला एक अनोळखी माणूस होता. तो सगळा वेळ सोमजीकडे बघत होता.

पुढच्या दिवसापासून मी उजाडायच्या सुमारास सरपणाच्या निमित्तानं निघायची आणि पडक्या भट्टीच्या ढिगाऱ्यामागं बसायची. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त म्हशी आल्या. तिसऱ्या दिवशी धुकं होतं. मोटारसायकलचा आवाज आला, बंद झाला, आणि धुक्यातून दोघं जण डबऱ्याकडे आले. मागं तो गमबूटवाला, हातात बांबू. पुढं वाट दाखवणारा अनवाणी होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

तोंड दिसायच्या आधी मी त्याला चालीवरून ओळखलं. लहानपणी बैलानं डाव्या पायावर खूर दिला होता, तेव्हापासून तो पाऊल जरासं ओढत टाकायचा.

ते पूर्वेकडून आत शिरले. सोमजी मोठ्यानं पावलं मोजत होता. चाळीसला थांबला. गमबूटवाला झुडपांत बांबू खुपसत राहिला, पाणी ढवळत राहिला. मग त्यानं सोमजीला काहीतरी शिवी हासडली. सोमजी मान खाली घालून उभा होता. मी विटेचा तुकडा मुठीत धरला होता. नंतर बघितलं तर तळहातावर त्याचा ठसा उमटला होता.

दुपारी तो गोठ्यामागं पाय धूत होता. माय-बा बांधीवर गेले होते.

"सकाळी कुठं होता, दादा?"

"साहेबाच्या कामाले."

"डबऱ्यात कोनतं काम होतं?"

त्याच्या हातातला तांब्या थांबला. पाण्याची धारही थांबली.

"तिथं घरटं नव्हतंच," मी म्हणाले. "मी खोटं काढलं."

तो दचकला नाही. हे मला त्या वेळी जाणवलं नाही, फार उशिरा जाणवलं.

"माराबोडी?" मी विचारलं.

"हाव."

"भदूची बांधी? सिरसी?"

"हाव." त्यानं तांब्या खाली ठेवला. "आधी साहेब म्हने, नुसते अंडे उचलून दूर ठेव. मंग म्हने, मोडून टाक. नाही केलं तं उद्यापासून येऊ नोको. कौती, मले दोन वर्सं झाली घरी बसून. बा मायाकडं कसा पायते तुले ठाऊक हाये?"

"आन् गाव मले काय म्हनून राहिलं, ते तू ऐकत होता. रेवता काकीनं मोर लिपला तवा तू तिथं उभा होता, दादा. माया बाजूले."

"आयक. कौती, आयक माजं. सारे नाही..."

"चूप!" मी इतक्या जोरात ओरडले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "एक शब्द बोलू नोको. तोंडच उघडू नोको मायासमोर."

तो चूप झाला. लहानपणापासून सोमजीनं माझं कधी काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी गावाची बैठक होती, माझ्यासाठीच बोलावलेली. समाजमंदिराच्या अंगणात सगळे जमले होते. आमच्या भागाच्या वनरक्षक टेंभुर्णे मॅडमही आल्या होत्या, चार घरटी मोडल्याची खबर त्यांच्यापर्यंत गेली होती. बाजूच्या दोन गावांतली माणसंही होती, काही चेहरे माझ्या ओळखीचे नव्हते. कुणी म्हणालं, पोरीनं रंग तलावात सोडावे. कुणी म्हणालं, तिला मामाकडे पाठवा.

आमचे भुमक तुकडूबाबा, गावाची देवपूजा करणारे, सगळ्यांत म्हातारे. ते बराच वेळ ऐकत होते. मग हात वर करून म्हणाले, "चित्रानं अंडं फुटते, असं मी माया बापाकडून आयकलं नाही. त्याच्या बापाकडून त्यानं आयकलं नव्हतं. अंडं फोडायले हात लागते. पोरी, तुले काही ठाऊक हाये का?"

मी उभी राहिले. कागदांचं सांगितलं, मागं लिहिलेल्या जागांचं सांगितलं, डबऱ्याचं सांगितलं. टेंभुर्णे मॅडमनी वही काढली. मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं. या सगळ्या पाणथळ पट्ट्यावर एक कारखाना यायचा होता. दसऱ्यानंतर सरकारी पाहणी होती. जिथं सारसाची वीण सापडेल तिथं परवानगी मिळणार नव्हती. धामणकर साहेब प्रदर्शन भरवणारे नव्हतेच. ते कारखान्यासाठी त्या जागेचं काम बघणारे होते.

"घरटी मोडली कुणी, ते बघितलंस का?" मॅडमनी विचारलं.

मी सोमजीकडे बघितलं. तो हातपंपाला टेकून उभा होता. त्यानं मान हलवली नाही, हात जोडले नाहीत. नुसता बघत होता.

"सोमजी," मी म्हणाले. "माया भाऊ."

माय उठली आणि कुणाशी न बोलता घराकडे चालू लागली. बा जागचा हलला नाही. त्यानं बसल्या जागेवरून विचारलं, "खरं हाये का रे?"

"हाव, बा."

"चारही घरटी तूच मोडलीस?" मॅडम वहीतून वर न बघता म्हणाल्या.

सोमजीनं जमलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली, अनोळखी चेहऱ्यांवर जरा जास्त वेळ. मग म्हणाला, "हाव. चारही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याची गाडी त्याला न्यायला आली. माय भाकरी बांधून गाडीपर्यंत गेली. मी दाराआड होते. गाडीत चढता चढता त्यानं मला हाक मारली. मी जाणार नव्हते, पण पाय गेले.

"पांढरबोडीले जाऊन ये," तो हळू आवाजात म्हणाला. "एकटीच जाय."

मला वाटलं, तो मला डिवचतोय. केलेलं बघून ये, म्हणतोय. मी मान फिरवली. गाडी गेली.

पुढचं सगळं गाव जाणतं. साहेबांच्या विरोधात कागदावर काही सापडलं नाही. चित्रंही सापडली नाहीत. ते कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यात गेले. सोमजीवर खटला चालला, शिक्षा झाली, तो भोगून आला. आता तो भंडाऱ्याला असतो, ट्रक चालवतो. दिवाळीला मायला फोन करतो. मी आज जी काही आहे ती पाखरांमुळे. माझी चित्रं फार लांब गेली, मीही त्यांच्या मागून गेले. आणि त्या वर्षी दसऱ्यानंतर पाहणी झाली, कारखान्याला परवानगी नाकारली गेली, आमचं पाणी राहिलं. ती का नाकारली गेली, ते सांगायचं राहिलं आहे.

सोमजीला नेल्याच्या चौथ्या दिवशी मी पांढरबोडीला गेले.

राग ओसरला नव्हता. घरात बसवत नव्हतं म्हणून गेले. तास-दीड तासाची वाट, शेवटचा तुकडा कमरेएवढ्या पाण्यातून. देवधानाच्या काड्या बाजूला करत मी पुढं सरकत होते आणि मोडका ढीग बघायची मनाची तयारी करत होते. एवढ्यात कुठूनतरी अगदी जवळून सारस ओरडला. दुसऱ्यानं लगेच त्याचं पुरं केलं.

मी जिथल्या तिथं थांबले. दोन काड्यांच्या फटीतून घरटं दिसत होतं. शाबूत. किंबहुना कुणीतरी त्यावर लव्हाळ्याच्या ताज्या पेंढ्या टाकून ते बाहेरून दिसू नये असं केलं होतं. गाठ आमच्या घरची होती. बा धानाच्या पेंढ्या बांधतो तशी, उलट्या पिळाची. घरट्याच्या कडेला एक पिल्लू उभं होतं, दालचिनीच्या रंगाचं, अजून पायांवर डुगडुगणारं. बाजूला दुसरं अंडं फुटत होतं. मादीनं मला बघितलं, पंख अर्धवट उघडले आणि पिलाच्या अंगावर सावली धरली.

मी मागं फिरले. पाण्यातून पळता येत नाही, तरी पळत होते. सभेत त्यानं अनोळखी चेहऱ्यांवरून फिरवलेली नजर मला आता कळत होती. तीन म्हटलं असतं तर चौथं कुठं आहे ते तिथंच उघड झालं असतं, आणि पाहणीला अजून महिना होता. गमबूटवाल्याला सोबत का पाठवलं होतं, तेही कळत होतं. साहेबाला सोमजीचा संशय आला होता. आणि डबऱ्यात काही नसतं, हे बेहडाटोल्यात जन्मलेल्या सोमजीला कळलं नसेल असं मी धरूनच कसं चालले होते?

बा अंगणात दोरी वळत होता. मी ओल्या कपड्यानिशी त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पिल्लू सांगितलं, पेंढ्यांची गाठ सांगितली. त्यानं दोरी वळायची थांबवली.

"तं मंग तुले आधी कावून नाही सांगितलं त्यानं?" बा म्हणाला. "बहीन हायेस तू त्याची."

"सांगत होता," मी म्हणाले.

"मंग?"

बा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या हातातल्या दोरीकडे बघत होते.

"मी बोलू नाही दिलं त्याले," मी म्हणाले.